आले, सुंठ आणि सबब

चैत्र शुद्ध नवमीला माध्यान्हीचे बारा वाजले, कीर्तनकारबुवांनी पाळण्याची दोरी हाती घेतली, गुलाल आणि फुले एकदमच उधळली गेली आणि सनईवाल्याने आपला दम सोडला, की त्या गलबल्यातून वाट काढीत जो प्रसाद हातोहात फिरू लागतो तो सुंठवड्याचा असतो. सुंठेची पूड, पिठीसाखर, किसून भाजलेले सुके खोबरे, कुटलेली खारीक आणि ऐपतीप्रमाणे खसखस एवढाच त्याचा सरंजाम. पण जिभेवर ठेवताच आधी गोडी आणि मागाहून घशात उतरणारी ती ऊब यांची जी चमत्कारिक जोडी जमते, ती अन्य कोणत्याही नैवेद्याला साधलेली नाही. लहानपणी मला याचे कोडे पडे. गणपतीला मोदक, सत्यनारायणाला शिरा, दत्ताला पेढे, आणि प्रत्यक्ष रामचंद्राच्या वाट्याला मात्र खोकल्यावरची पूड का, असे मी आजीला विचारले, तेव्हा तिने माझ्या अज्ञानाची कीव करीत सांगितले, "अरे, कौसल्या बाळंतीण झालीय ना!" तेवढ्याने माझे समाधान झाले. पुढे वय वाढले तसे त्या उत्तरातूनच दुसरा प्रश्न उगवला, की जे औषध बाळंतिणीचे, ते देवळात जमलेल्या तीनशे धडधाकट माणसांनी कोणत्या सबबीवर खावे?

हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका पोरकट नाही. अन्न आणि औषध यांच्यातली सीमा कोठे आखावी, ती वस्तूत असते की वस्तू घेणाऱ्याच्या गरजेत, आणि गरज खरी की जिभेने रचलेली याचा निवाडा कोणी करावा, हे प्रश्न या भूमीतल्या सर्व धर्मपरंपरांनी विचारलेले आहेत. आणि विशेष असा की त्यांतल्या पुष्कळशा चर्चेत आले नावाचा हा ओबडधोबड कंद कोठे ना कोठे हजर आहे.

माझ्यापुरता तो प्रथम हजर झाला तो वाड्यात. सांगलीच्या बाजूच्या आमच्या त्या वाड्यात समोरच्या दोन खणांत एक जैन कुटुंब राही. आजीला सारा वाडा माई म्हणे, आणि त्या घरच्या बाईंना आम्ही मुले काकू म्हणत असू. आजीच्या फडताळात एक पितळी डबा होता. त्यात सुंठ, वेखंड, हळकुंड, जायफळ, मायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा अशी बाळगुटीची सामग्री, आणि शेजारी पालथी घातलेली सहाण. वाड्यात कोणाचेही मूल रडले की सहाण उताणी होई आणि सुंठेचा एक वेढा, वेखंडाचा अर्धा, असा हिशेब आजी तोंडाने म्हणत उगाळायला बसे. त्या डब्यातली सुंठ काकूंच्या घरी बेलाशक जाई. परंतु आजीने केलेल्या कोथिंबिरीच्या वाटल्या चटणीत आले पडले आहे असे कळताच काकू वाटी तशीच परत करीत. त्यात राग नसे की सोवळ्याचा तोरा नसे, केवळ "आम्हांला चालत नाही, माई" एवढे शब्द असत. आमच्या घरी त्यांच्यापुढे येणारा चहा सुंठेचा, आमचा आल्याचा. एकाच कंदाच्या ओल्या रूपाला मनाई आणि वाळल्या रूपाला मुभा, हा काय न्याय, असे मला तेव्हा वाटे.

न्याय आहे, आणि तो शब्दांतच दडला आहे. संस्कृतात आल्याला आर्द्रक म्हणतात, म्हणजे ओले; प्राकृताच्या वाटेने त्याचेच मराठीत आले झाले, आणि आपला 'ओला' हा शब्दही त्याच आर्द्राच्या वंशातला आहे. म्हणजे आले या नावाने आपण वस्तू सांगत नसून तिची अवस्था सांगत असतो. शुंठी म्हणजे ते वाळलेले. पाच शेर ओला कंद खरवडून उन्हात घालावा तेव्हा शेरभर सुंठ पदरात पडते. गेले ते पाणी, असा आपला समज. रसायनशास्त्राचे मत निराळे आहे. ओल्या आल्याचा तिखटपणा ज्या जिंजरॉल नामक द्रव्यात आहे, ते वाळताना आपल्यातला पाण्याचा अंश टाकून शोगाओल नावाच्या, अधिक जहाल अशा द्रव्यात पालटते; या दुसऱ्या नावातला 'शोगा' हा आल्याचा जपानी शब्द. तेव्हा सुंठ ही आल्याचे प्रेत नसून, ज्याला आपले पूर्वज संस्कारान्तर म्हणाले असते, त्या प्रकारचा काही पालट तिच्यात खरोखर झालेला असतो.

आल्याची आणखी एक गोष्ट त्याहून विलक्षण आहे. साताऱ्याकडचा शेतकरी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आल्याची लागण करतो ती बीने करीत नाही. गेल्या वर्षीचेच कंद फोडून, प्रत्येक तुकड्यावर एकदोन डोळे राहतील असे पाहून, ते बेणे गादीवाफ्यावर पुरतो. दुसरा इलाजही नाही, कारण लागवडीच्या आल्याला फूल क्वचित येते आणि बी जवळजवळ धरतच नाही. रानात आपसूक उगवलेले आले तर कोणाला सापडलेलेच नाही. याचा अर्थ नीट ध्यानी घेतला तर अंगावर काटा यावा: मंडईतल्या टोपलीतला आल्याचा प्रत्येक गड्डा हा कोणा अतिप्राचीन कंदाचे अपत्य नव्हे, त्याच कंदाचा अवयव आहे. माणसाने हजारो वर्षे तो तोडला, पुरला, पुन्हा तोडला, गलबतांत घालून समुद्रापार नेला, आणि या सर्व काळात त्याला ना जन्म घडला ना मरण.

आता चरकसंहितेने केलेली ओषधीची व्याख्या याच्याशेजारी ठेवून पाहावी. फळ पिकताच जिचे आयुष्य संपते ती ओषधी, असे चरक सांगतो. भात, गहू, तीळ, मूग ही सारी त्या अर्थाने ओषधीच, आणि औषध हा शब्द तिच्यापासूनच निघालेला. आपले फळ दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः वाळून जाणारी वनस्पती ती ओषधी, आणि तिच्यापासून मिळते ते औषध: अन्न आणि औषध यांची नाळ आपल्या भाषेत एवढी एक आहे. पण गंमत अशी, की जिला फळच धरत नाही आणि म्हणून मरणाची अटही लागू होत नाही, त्या सुंठेलाच निघंटुकारांनी महौषध आणि विश्वभेषज या पदव्या बहाल केल्या. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात सुंठेचे गुण सांगता सांगता मध्येच थांबून स्वतःवरच एक आक्षेप घेतला आहे: जी विबंध फोडते असे म्हणता, तीच मल बांधून धरते असे कसे म्हणता? उत्तरही त्याने दिले आहे, की अडथळा फोडण्याची शक्ती निराळी आणि मल खाली पाडण्याची निराळी, आणि सुंठेजवळ पहिली आहे, दुसरी नाही. उत्तर वैद्यांना पटो वा न पटो, गुणांची यादी देताना विरोध दिसताच तो झाकून न ठेवता वाचकासमोर मांडणाऱ्या त्या ग्रंथकाराविषयी मला फार आदर वाटतो. आजकालच्या औषधांच्या जाहिरातदारांत हा गुण औषधालाही सापडत नाही.

धर्माचा प्रश्न मात्र गुणांच्या अलीकडे, कुदळीपाशी सुरू होतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले सत्त्याण्णवावे सूक्त हे ओषधींना उद्देशून आहे. त्यात ऋषी त्यांना माता म्हणतो, राजा सोमाच्या प्रजा म्हणतो, आणि शेवटाकडे येता येता एक अगदी घरगुती विनंती करतो, की तुम्हांला खणणाऱ्याला इजा न होवो आणि ज्याच्यासाठी मी खणतो आहे त्यालाही न होवो. या विनंतीत एक कबुली आहे. खणणे ही इजा आहे, तिची परतफेड होऊ शकते, आणि तरीही मी खणणार आहे, कारण घरी कोणी आजारी पडले आहे. आपल्याकडे मुळी उपटायची तर आदल्या संध्याकाळी झाडापाशी जाऊन अक्षता-सुपारी ठेवून तिला आमंत्रण द्यावे आणि रविपुष्याचा योग साधून ती काढावी, अशी जी जुनी वहिवाट आहे, तिचे मूळ शकुनापेक्षा या कबुलीत शोधावे असे मला वाटते. चरकानेही औषधी गोळा करणाऱ्याने शुचिर्भूत होऊन, शुभ्र वस्त्र नेसून, उपोषण करून, देवतांची पूजा करून मग झाडाला हात लावावा असे सांगितले आहे. आणि लगोलग, कोणता भाग कोणत्या ऋतूत घ्यावा हेही सांगितले आहे: साल, कंद आणि चीक शरदात, मुळ्या ग्रीष्मात वा शिशिरात, फुले-फळे ज्या त्या हंगामात. भक्ती आणि व्यवहार यांची सरमिसळ तेथे इतकी सहज आहे की उपवास कोठे संपला आणि वनस्पतिशास्त्र कोठे सुरू झाले हे कळू नये.

इजा आहे हे एकदा मान्य केले, की पुढचे पाऊल कोणी किती नेटाने टाकावे एवढाच प्रश्न उरतो, आणि ते पाऊल सर्वांत नेटाने टाकले जैनांनी. समंतभद्राचार्यांचा रत्नकरण्ड श्रावकाचार हा दीडशे श्लोकांचा लहानसा ग्रंथ दक्षिण महाराष्ट्रातल्या दिगंबर जैनांच्या घरोघरी वाचला जातो. गृहस्थाने काय वर्ज्य करावे हे सांगताना आचार्यांनी मुळा, लोणी, निंबाची फुले, केतकीची फुले यांच्या पंक्तीला आले बसविले आहे; आणि बसविताना नेमके ओले शृंगवेर असा निर्देश केला आहे. कारण दिले आहे तेही मोजक्या शब्दांत: फळ अल्प आणि घात बहु. जैन विचाराप्रमाणे झाडावरच्या फळात एक जीव असेल. पण जमिनीखाली वाढणाऱ्या, तुकडा केला तरी तुकड्यातून पुन्हा फुटणाऱ्या कंदाच्या एका शरीरात अनंत जीवांची वस्ती असते, म्हणून तो अनंतकाय. साताऱ्याच्या शेतकऱ्याचे बेणे डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे या कल्पनेच्या मुळाशी किती बारीक निरीक्षण आहे ते उमगते. ज्याचा कोणताही तुकडा अखंड आयुष्याचा धनी आहे, त्याचा चटणीसाठी ठेचा करणे ही साधी गोष्ट कशी मानावी?

आले वाळले की त्याची फुटण्याची शक्ती जाते, ते अचित्त, म्हणजे निर्जीव, होते, प्रासुक होते. म्हणून सुंठ चालते. येथे एखादा वकिली बुद्धीचा मनुष्य विचारील, की मग बटाट्याचे काप करून उन्हात वाळविले तर तेही चालावेत! मीही हा सवाल मोठ्या ऐटीत काकूंना टाकला होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सुंठ कोणी ताटभर खातं का रे?" पुढे जाणत्यांशी बोलताना कळले की परंपरेतही हेच उत्तर दिले जाते. सुंठ वाळवावी लागते ती औषधाच्या चिमटीसाठी. तिचा तिखटपणा हाच तिचा राखणदार, जीभ लोभाने तिच्या वाटेला जात नाही. बटाट्याचे काप वाळवायचे ते मूठमूठ खाण्यासाठी, तेव्हा घात लोभाच्या खाती जमा होतो. म्हणजे वस्तू जिवंत की निर्जीव एवढ्यावर निवाडा संपला नाही. कशासाठी आणि किती, ही दोन कलमे त्याला जोडलेली आहेत. ज्या ग्रंथाने ओले आले वर्ज्य केले त्यानेच आहाराच्या बरोबरीने औषधालाही दानांत स्थान दिले आहे, हे विसरून चालणार नाही.

बौद्ध विनयात तर या सबबीला कायद्याचे रूप आले आहे. भिक्खूने वनस्पती तोडू नये. आळवी येथे झाड तोडणाऱ्या एका भिक्खूचा घाव वृक्षदेवतेच्या बाळाच्या हाताला लागला, अशी त्या नियमाची उत्पत्तिकथा सांगतात. भिक्षेतले अन्न त्याच दिवशी दुपारपूर्वी संपवावे, उद्यासाठी ठेवू नये. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही भेषज्ये आजाऱ्याने सात दिवस ठेवावीत. पण हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा ही मुळे एकदा स्वीकारली की जन्मभर जवळ बाळगण्यास परवानगी. येथपर्यंत ही सूट भलतीच उदार वाटते. खोच पुढे आहे. ती घ्यावीत ती कारण असेल तरच. कारणावाचून घेणाऱ्यास दोष लागतो. एकच आल्याचा तुकडा, झोळीत पडून असेतोवर निर्दोष, कफ झाला असता चघळला तरी निर्दोष, आणि सहज चव बदलावी म्हणून दाताखाली धरला की दोष. तुकडा तोच, दात तेच. मधले कारण तेवढे गेले.

या विचाराची सर्वांत देखणी कथा मला मात्र छांदोग्य उपनिषदात सापडते, आणि तीत वनौषधीचे नावही नाही. कुरुदेशात पिकांचा नाश होऊन दुष्काळ पडला असता उषस्ति चाक्रायण नावाचा विद्वान आपल्या बायकोसह एका गावी येऊन राहिला. तेथे एक माहूत कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे उडीद, खात बसला होता. उषस्तीने त्याच्याजवळ मागितले. आहेत ते एवढेच, माझे उष्टे, असे तो म्हणाला. उषस्तीने तेच घेतले. माहुताने मग आपले पाणीही पुढे केले, तर हा म्हणतो, ते उष्टे मला चालणार नाही. माहूत चकित झाला: आणि हे उडीद उष्टे नव्हेत काय? उषस्तीने सांगितले की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो; पाणी मला हवे तेथे मिळते. उरलेले उडीद त्याने बायकोला नेऊन दिले, तिने ते जपून ठेवले, आणि दुसऱ्या सकाळी ते शिळे, उष्ट्याचेही उष्टे असे अन्न खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला व तेथल्या ऋत्विजांना त्याने निरुत्तर केले. दोन घासांच्या मध्ये, उडीद आणि पाणी यांच्या मध्ये, त्या भुकेल्या माणसाने जी रेघ ओढली, ती ओढताना त्याचा हात कापला नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पोट भरलेल्यांचेही हात तेथे कापतात.

कारण अडचण अशी, की गरजेची फिर्याद लावणारी जीभ आणि निवाडा देणारीही जीभच. सन १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा येथे बॉवर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती जे प्राचीन भूर्जपत्रांचे बाड लागले, त्यात लसणीच्या गुणांचे एक प्रकरण आहे. लसूण तर द्विजांना निषिद्ध. मग तिचा लाभ ब्राह्मणाने घ्यावा कसा? त्यावर सुचविलेली तोड अशी, की गाईला तीन रात्री जवळजवळ गवतावाचून ठेवून मग लसणीची पात खाऊ घालावी, आणि तिचे दूध, दही, तूप, ताक ब्राह्मणाने खुशाल सेवावे. गाईने निषेध गिळावा आणि गुण तेवढा आपल्या वाट्याला यावा, ही युक्ती वाचून हसू येते. पण आपणांपैकी किती जणांना हसण्याचा अधिकार आहे? आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी म्हणून कांद्याच्या भज्यांचा फडशा पाडून आपण चातुर्मासाच्या संयमात पाऊल टाकतो. आपल्या उपासाचा शिरस्ता पाहावा: हळद चालत नाही, मोहरी चालत नाही, हिंग चालत नाही, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेहून उतरलेली, श्रुतिस्मृतींना जिचे नावगाव ठाऊक नाही अशी मिरची मात्र साबुदाण्याच्या खिचडीत उजळ माथ्याने बसते. हिच्याजवळ कोणती सनद आहे? जिभेने तिच्यासाठी जामीन दिला, एवढेच.

आता सुंठवड्याकडे परत यायला हरकत नाही. विनयाच्या कसोटीने पाहिले तर देवळातले ते तीनशे लोक सारेच दोषी ठरतील, कारण त्यांच्यापैकी एकालाही सुंठेची गरज नसते. तरीही तेथे काही चुकते आहे असे माझे मन घेत नाही. ज्या घरात बाळंतीण असते त्या घराचा वास आठवावा: शेक-शेगडीचा धूर, ओवा, बाळंतशेपा, अळीव, डिंक आणि या सर्वांवर सुंठ. तो वास बाळंतिणीच्या खोलीत कोंडून राहत नाही; ओसरीवर बसलेल्या आजोबांच्या उपरण्यालाही येतो. बाळंतिणीच्या लाडवातला एखादा लाडू घरातल्या पोरांच्या हाती पडतोच, आणि तो खाताना कोणी त्यांच्याकडे कारण मागत नाही, कारण घराला एक कारण आधीच मिळालेले असते. नवमीच्या दुपारी देऊळ हे असे बाळंतिणीचे घर झालेले असते, आणि चिमूटभर सुंठ जिभेवर ठेवणारा मनुष्य दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेत आपला हात घालीत असतो. ती दुसरी कोणी अयोध्येची असो नाही तर कोपऱ्यावरच्या घरातली. चिमूटभरच, हे मात्र खरे. सुंठवड्याचे ताट मांडून कोणी बसत नाही. सुंठच बसू देत नाही.

एका वर्षीची गोष्ट आहे. भाजीच्या टोपलीत तळाशी राहून गेलेल्या आल्याच्या तुकड्याला वैशाखात हिरवा कोंब आला. चटणीला घ्यावा तर तो उगवू पाहत होता, आणि टाकवेनाही. आजीने तो परसात न्हाणीच्या पाण्याजवळ खोचून दिला. पावसाळ्यात त्याची पाने हातभर वाढली. काकू रोज धुणे वाळत घालायला येत तेव्हा उरलेली कळशी त्याच्या बुडाशी रिकामी करीत. मार्गशीर्षात पाने पिवळी पडून लवंडली, आणि एके सकाळी आजीने खुरपे घेतले तेव्हा काकू न बोलता आत निघून गेल्या. निघालेल्या कंदातला एक डोळ्यांचा तुकडा आजीने पुन्हा तेथेच पुरला. बाकीचा तिने कामटीच्या काडीने खरवडला, पाण्यातून काढला आणि गच्चीवर जुन्या धोतराच्या पानावर पसरला. दहाबारा दिवस ऊन चांगले पडले. कावळ्यांना हाकलायला मी होतो. संध्याकाळी दंव पडण्यापूर्वी धोतराची चार टोके गोळा करून ते आत आणण्याचे काम काकूंनी आपल्याकडे घेतले होते.

मग एक दिवस त्या आपली लहान डबी घेऊन आल्या. "माई, अगदी कोरडी झाली का हो?"

"बघ की मोडून," आजी म्हणाली.

काकूंनी एक तुकडा उचलला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि कानाजवळ नेऊन मोडला. कट् असा आवाज झाला. त्यांनी दोन्ही अर्ध्या तोंडांकडे उजेडात नीट पाहिले आणि डबीचे झाकण काढले.